ओसरतं शहर रचताना: प्रत्येक जुन्या रीतीमागचा हिशेब

अद्भुतकथांमधलं उतरणीला लागलेलं शहर बहुतेक वेळा पहिल्याच पानावर मेलेलं असतं. पडके बुरूज, वेलींनी झाकलेले पुतळे, सिंहासनावर पेंगणारा राजा आणि दर दोन वाक्यांनी 'परंपरा' म्हणणारे पुरोहित. वाचक थोडा वेळ हे सोसतो. मग त्याला प्रश्न पडतो, की एवढी साधी गोष्ट या लोकांना कळत कशी नाही? हा प्रश्न आला की शहर हातातून सुटलं. कथा असो वा चार मित्र जमवून चालवलेला रोल-प्लेइंग गेम, मूर्खांच्या शहरात कुणाचा जीव गुंतत नाही.

खऱ्या शहरांत लोकांना कळत होतं. व्हेनिसच्या सरकारी दप्तरांत आपला व्यापार का घटतोय याचं चांगलं निदान करणारे कागद सतराव्या शतकापासून पडून आहेत. कळतं पण वळत नाही, यातला 'वळत नाही' हा भाग लेखकाने नीट तपासायला हवा. न वळण्याला कारण असतं आणि ते बहुधा पोटाशी निगडित असतं. शहरातली प्रत्येक कालबाह्य रीत कुणाचं तरी घर चालवत असते. ते घर शोधून काढलं की शहर आपोआप जिवंत होतं. या लेखात मी ते कसं शोधायचं हे सांगणार आहे. त्यासाठी दीपपाटण नावाचं एक काल्पनिक बंदर घेऊ आणि जागोजागी खऱ्या शहरांचा दाखला देऊ.

आधी आकडे मांडा

दीपपाटणची भरभराटीतली लोकसंख्या ८०,००० धरू आणि आजची २२,०००. जुन्या तटबंदीच्या शहरांत दाटी हेक्टरी दीडशे-दोनशे माणसांची असे. १६० धरली तर ८०,००० लोकांना ५०० हेक्टर, म्हणजे ५ चौरस किलोमीटर लागतात. शहर साधारण गोल असेल तर तटाचा घेर ८ किलोमीटर होतो.

आता हाच तट २२,००० लोकांनी राखायचाय. शस्त्र धरू शकणारे पुरुष लोकसंख्येच्या पाचवा हिस्सा, म्हणजे ४,४००. तीन पाळ्या केल्या तर एका वेळी तटावर जेमतेम १,४५०. म्हणजे साडेपाच मीटरला एक माणूस. भरभराटीत दर दीड मीटरला एक होता. तट तोच, दगड तेच, आणि वेढा पडला तर शहर टिकणार नाही. हे समजायला एकही भिंत पडायची गरज नाही. १४५३ मध्ये बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, हिची स्थिती हीच होती: जमिनीकडचा आणि समुद्राकडचा मिळून सुमारे २० किलोमीटरचा तट आणि राखायला ७,००० च्या आसपास माणसं. त्यातला सम्राट थिओडोसियसच्या काळातला जमिनीकडचा तट हजार वर्षं अभेद्य ठरला होता, पण तो ज्या शहरासाठी बांधला ते शहर आत उरलं नव्हतं. लोकसंख्या पन्नास हजारांवर आली होती आणि तटाच्या आत शेतं, मळे आणि द्राक्षबागा होत्या.

तटाच्या आत शेती ही कल्पना लेखकांना आवडते आणि इथेच एक ठरलेली चूक होते. आतल्या शेतीवर शहर जगतंय असं दाखवलं जातं. हिशेब करून बघा. दीपपाटणमध्ये २२,००० लोकांना १४० हेक्टर पुरतात, ३६० रिकामे. रस्ते, पडीक वाडे, तलाव वगळून २०० हेक्टर पेरले आणि जुन्या पद्धतीच्या शेतीत हेक्टरी ८०० किलो धान्य आलं, तर वर्षाला १६० टन. माणशी रोज अर्धा किलो धरलं तर शहर दिवसाला ११ टन खातं. म्हणजे आतली शेती पंधरवडाभर पुरेल. बाकी साडेअकरा महिने धान्य बाहेरूनच यायला हवं. तेव्हा तटाच्या आत भाजी, फुलं, गुरांचा चारा, द्राक्षं दाखवा. धान्य वेशीतूनच येऊ द्या, कारण खरी गोष्ट वेशीवर घडते.

वेशीवरचे मापारी

भरभराटीत रोज ४० टन धान्य लागे. गाडीत अर्धा टन, तेव्हा रोज ८० गाड्या. पूर्वेच्या वेशीवर आठ मापारी घराणी नेमलेली होती, प्रत्येकाकडे दिवसाला दहा गाड्या. मापून झालं की गाडीमागे एक शेर धान्य मापाऱ्याचं. म्हणजे प्रत्येक घराला रोज दहा शेर. नेमणूक वतनाची, बापाकडून मुलाकडे जाणारी.

आता रोज २२ गाड्या येतात. गाडीमागे एक शेर या दराने आठ घरांच्या वाट्याला पावणेतीन-पावणेतीन शेर येतील. शिवाय तीन पिढ्यांत वतनाच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडल्यात, एका घराची तीन-चार झालीत. मग मापाऱ्यांनी काय केलं असेल? त्यांनी दरबारात अर्ज दिला, की लबाडी फार वाढली आहे, तरी प्रत्येक गाडी चार वेगवेगळ्या मापाऱ्यांनी मापावी. दरबाराने मान्यता दिली, कारण त्यात खर्च नव्हता आणि प्रामाणिकपणाच्या बाजूने निर्णय दिल्याचं समाधान होतं. २२ गाड्या गुणिले चार म्हणजे ८८ शेर, भागिले आठ घरं म्हणजे ११ शेर. मापाऱ्यांचं उत्पन्न भरभराटीपेक्षा थोडं वरच गेलं.

शेतकऱ्याचं काय झालं ते पाहा. पूर्वी एक शेर आणि थोडा वेळ जाई. आता चार शेर आणि अर्धा दिवस. पहाटे निघालेला माणूस चौथ्या मापाच्या रांगेत दुपारी उभा असतो, बैल सोडायला सावली नाही, पाण्याचा हौद फुटलेला आहे कारण हौदाची डागडुजी ज्या घराकडे होती ते निर्वंश झालं. पुढच्या हंगामात तो नदीपलीकडच्या नव्या पेठेत जातो. गाड्या १५ वर येतात आणि मापारी पुन्हा अर्ज घेऊन येतात, सहा वेळा मापण्याचा.

या यंत्रणेत कुणीही दुष्ट नाही. मापारी आपल्या पोरांना जेवू घालतोय. अर्ज मंजूर करणारा कारकून नियमाला धरून वागला. शेतकरी शहाणा आहे. तरीही शहर रोज थोडं मरतं. अशी निदान तीन चक्रं रचल्याशिवाय मी शहराचा नकाशासुद्धा काढू नये असं म्हणेन. एक अन्नाचं, एक बंदराचं, एक मानाचं.

वतनाचं शास्त्र आपल्याकडे तयारच आहे, ते परक्या सरंजामी शब्दांत शोधायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या कागदपत्रांत पाटीलकी-कुलकर्ण्यांचे वाद, तक्षिमांच्या वाटण्या, पहिला शिरपाव कुणाला, पानसुपारीत पहिला विडा कुणाचा, होळीची पहिली पोळी कुणाची, यावर गोतसभांनी, म्हणजे गावच्या न्यायसभांनी, केलेले महजर, म्हणजे लेखी निवाडे, भरपूर आहेत. आज वाचताना हे भांडण क्षुल्लक वाटतं. पण मान हा हक्काचा पुरावा होता. पहिला विडा सोडला तर उद्या वतनावरचा दावा सुटेल, म्हणून लोक विड्यासाठी पिढ्यान्पिढ्या झगडले. तुमच्या शहरातल्या विधींना हे तर्कशास्त्र द्या. मिरवणुकीत कोण कुठे चालतं यावर माणसं तलवारी उपसतील आणि वाचकाला ते पटेल.

कारंजं कुठे आटलं

उतरणीला दोन प्रकारची कारणं लागतात. एक बाहेरचं, शहराच्या हाताबाहेर असलेलं. दुसरं आतलं, ज्यामुळे बाहेरच्या कारणाला उत्तर देता येत नाही. नुसतं पहिलं दिलं तर ती आपत्ती होते, नुसतं दुसरं दिलं तर मूर्खपणा.

आजच्या बेल्जियममधलं ब्रुज हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. ११३४ च्या वादळाने समुद्राचा झ्विन नावाचा फाटा आत घुसला आणि ब्रुज बंदर झालं. पुढे तोच फाटा गाळाने भरत गेला. मोठी जहाजं आधी दाम या गावाला थांबू लागली, मग त्याहून खाली स्लुइसला, आणि माल छोट्या होड्यांनी आणावा लागे. हे बाहेरचं कारण. आतलं असं, की आपल्या विणकरांना जपण्यासाठी इंग्लिश कापडाला मज्जाव होता, आणि अँटवर्पने त्याच कापडासाठी दारं उघडी ठेवली. त्यातच १४८८ मध्ये शहराने आपल्याच राज्यकर्त्याला, मॅक्सिमिलियनला, काही महिने कोंडून ठेवलं. सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जायला सांगितलं. गाळ नसता तर व्यापारी परतले असते. धोरण वेगळं असतं तर गाळ उपसायला पैसा उभा राहिला असता. दोन्ही एकत्र आले तेव्हा शहर बसलं.

व्हेनिसने गाळाचा प्रश्न सोडवला होता हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ओसरतं शहर प्रत्येक बाबतीत नालायक नसतं. त्यांनी ब्रेंटासारख्या नद्यांची मुखं वळवून खाजणाबाहेर नेली, अफाट खर्चाचं आणि पिढ्यान्पिढ्या चाललेलं काम. त्यांच्या विहिरीही पाहण्यासारख्या. खाऱ्या पाण्यात वसलेल्या शहरात चौकाखाली खोल खड्डा घेऊन तो चिकणमातीने लिंपत, त्यात वाळू भरत, मधोमध विटांचा विहिरीचा नळा उभारत आणि चौकाच्या फरशीला उतार देऊन पावसाचं पाणी जाळीच्या दगडांतून वाळूत सोडत. गाळलेलं पाणी विहिरीत झिरपे. फुटलेल्या मातीच्या थरातून खारं पाणी शिरलं की ती विहीर कामातून गेली. अशा हजारो विहिरी राखणारं शहर कापडाच्या धंद्यात मात्र हरलं. १६०२ मध्ये सुमारे २८,००० लोकरी कापडाचे ताके विणले गेले होते, शतकाअखेरीस आकडा २,००० च्या आसपास आला. कारागीर संघांनी कापडाचा दर्जा आणि वीण ठरवून दिलेली होती, त्यात मजुरी आणि कर चढे. इंग्लिश आणि डच लोकांनी हलकं, स्वस्त, रंगीत कापड आणलं. व्हेनिसचं कापड शेवटपर्यंत उत्तमच होतं. अशी शोकांतिका मला कोणत्याही पडक्या बुरुजापेक्षा जास्त हलवते: काम उत्कृष्ट, आणि घेणारं कुणी नाही. तुमच्या शहरात एक तरी कारागीर असा ठेवा.

दिवा आणि सात घराणी

आता जादू. अद्भुत नगरीत जादू 'हळूहळू मावळते' हे वाक्य फार सोपं आहे आणि त्यातून कथा निघत नाही. जादूलाही डागडुजी, पाळ्या, तेल आणि वारसदार लागतात असं धरा. मग ती शहरासारखीच झिजते.

दीपपाटणच्या मनोऱ्यावर एक दिवा आहे. तो पेटलेला असेल तोवर जहाजं गिळणारं धुकं बंदरापासून चाळीस कोस दूर राहतं. शहराची सारी जकात या दिव्यावर उभी राहिली. दिवा लावण्याचा मंत्र सात घराण्यांकडे, आठवड्यातली एकेक रात्र वाटून दिलेली. त्या रात्री बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबतामागे त्या घराला नाणं. उत्पन्न विभागू नये म्हणून प्रत्येक पिढीत मंत्र एकाच मुलाला शिकवायचा आणि त्यानेच लग्न करायचं, बाकीच्यांनी अविवाहित राहायचं.

हा नियम मी हवेतून काढलेला नाही. व्हेनिसच्या अमीर घराण्यांत मालमत्ता फुटू नये म्हणून भावांपैकी बहुधा एकच जण लग्न करी. राज्य चालवणाऱ्या महासभेत बसण्याचा हक्क १२९७ पासून ठराविक घराण्यांपुरता बांधला गेला आणि १५०६ पासून अमिरांच्या मुलांची जन्मनोंद ठेवली जाऊ लागली. सोळाव्या शतकाच्या मध्यात प्रौढ अमीर अडीच हजारांच्या आसपास होते, १७९७ मध्ये हजाराच्या आसपास उरले. मधल्या काळात क्रीटच्या युद्धासाठी पैसा हवा म्हणून लाख डुकाटांना (डुकाट हे व्हेनिसचं सोन्याचं नाणं) अमीरपद विकलं, तरीही. आणि जे अमीर निर्धन झाले ते सान बार्नाबाच्या वस्तीत राहायचे, मत विकून गुजराण करायचे. हक्क होता, भाकर नव्हती.

दीपपाटणमध्ये सातातली दोन घराणी निर्वंश झाली. त्या दोन रात्री दिवा लावायचा अधिकार कुणालाच नाही. उरलेल्या पाचांपैकी कुणीही लावू शकेल, मंत्र एकच आहे. पण जो लावेल त्याला त्या रात्रीचं नाणं मिळेल, म्हणून बाकी चौघं आडवे येतात. वाद साठ वर्षं दरबारात आहे. तोवर आठवड्यात दोन रात्री बंदर बंद. नाखव्यांनी आधी वेळापत्रक जुळवलं, मग लांबच्या खोल पाण्याच्या मार्गाने जाऊ लागले, जिथे धुकं नाही. दिव्याची जादू पहिल्या दिवसाइतकीच प्रखर आहे. पाळीपत्रक मोडलंय.

जादूची प्रत्येक गोष्ट ठरवताना चार बाबी लिहून काढा: ती चालवायला काय लागतं, कोण चालवतं, त्याला त्यातून काय मिळतं आणि त्याच्यानंतर कोण. चौथ्या बाबीत भोक पाडा.

काय आधी कापलं जातं

शहराची जमाखर्चाची वही बनवा, दहा ओळींची पुरे. भरभराटीत उत्पन्न १०० धरू: बंदर ६०, बाजार २५, जमीन १५. खर्च: तट २०, दिवा आणि बंदर १५, वतनदारांचे हक्क ३०, उत्सव १०, शिल्लक २५. आज उत्पन्न ३२ आहे: बंदर १२, बाजार १०, जमीन १०. वतनदार १५ च्या खाली यायला तयार नाहीत, उत्सव ८ वर आलाय, जुन्या कर्जाचं व्याज ७. उरले २. त्यात तट, दिवा आणि बंदराचा गाळ.

नियम असा, की ज्या खर्चाला कात्री लावल्यावर माणूस दारात येऊन ओरडतो तो शेवटी कापला जातो आणि ज्याला कात्री लावल्यावर फक्त पाणी गळतं तो आधी. म्हणून ओसरत्या शहरात मिरवणुका झगमगत्या असतात आणि पन्हळी तुंबलेल्या. व्हेनिसने दर्याशी लग्न लावण्याच्या समारंभासाठी सोन्याने मढवलेलं बुचिंतोरो हे जहाज १७२० च्या दशकात नव्याने बांधलं, व्यापाराची सद्दी संपल्यावर कितीतरी वर्षांनी. १७९८ मध्ये फ्रेंचांनी त्यावरची सजावट जाळून सोनं काढून घेतलं.

उलट टोकाचं चित्रही आहे, उत्सवाचाही पैसा संपल्याचं. १३४३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराने राजमुकुटाची रत्नं ३०,००० डुकाटांना व्हेनिसकडे गहाण टाकली. ती कधीच सोडवता आली नाहीत. १३४७ मध्ये सम्राट सहाव्या जॉनचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुकुटात काचेचे मणी होते आणि मेजवानीला सोन्याचांदीऐवजी कथिलाची आणि मातीची भांडी. विधी मात्र अक्षर न चुकता पार पडला. असा प्रसंग लिहायचा असेल तर कुणालाही हसू देऊ नका. ताटं मांडणारा सेवक, त्याला ठाऊक असलेला क्रम, कथिल चमकावं म्हणून त्याने रात्री राखेने घासलेली कडा, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो.

इमारती कशा पडतात

पडझडीचा क्रम ठरलेला असतो आणि तो चुकला की जाणकार वाचकाला खटकतं. आधी पन्हळ तुंबते. मग छपरातून पाणी उतरतं. लाकडी तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल राहते आणि ते टोक सर्वांत आधी कुजतं, तुळईचा मधला भाग धडधाकट दिसत असताना. तुळई सुटली की मजला जातो, मजला गेला की भिंतीचा आधार जातो. भिंत सर्वांत शेवटी. आपल्या हवेत वड-पिंपळाचं रोप दगडाच्या सांध्यात रुजलं की काम लवकर होतं. आणि छपराला शिसं असेल तर पाऊस यायच्या आधी माणूस येतो: तेराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल जिंकून बसलेल्या युरोपीय धर्मयोद्ध्यांच्या 'लॅटिन' सम्राटाने पैशांसाठी राजवाड्यांच्या छपरांचं शिसं उतरवून विकलं होतं.

किती वर्षं लागतात याचं उत्तम माप जुन्या गोव्यात आहे. संत ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये धार्मिक संघ हाकलले गेल्यावर ओस पडला. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली. दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये पडला. उरलेला मनोरा ४६ मीटर उंचीचा, जांभ्या दगडाचा, आजही उभा आहे. म्हणजे सोडल्यापासून मोठी कमान पडायला सात वर्षं, दर्शनी भिंत पडायला जवळजवळ शंभर, आणि काही भाग त्यानंतरही टिकून. तुमच्या शहरात कोणती इमारत कधी सोडली गेली याची तारीख ठरवा आणि त्यावरून तिची आजची स्थिती काढा. मग सगळी शहरभर एकसारखी पडझड आपोआप टळते. एक गल्ली नांदती, तिच्या पाठची दहा वर्षांपूर्वी सोडलेली, तिच्यापुढची शंभर वर्षांपूर्वीची.

जुनं गोवं आणखी एका कारणासाठी अभ्यासावं. ते कुणी जिंकून उद्ध्वस्त केलं नाही. डचांनी बंदराची नाकेबंदी केली. विजयनगर १५६५ नंतर खचलं आणि घोड्यांचा किफायतशीर व्यापार मंदावला. जमीन सच्छिद्र, शौचखड्डे विहिरींजवळ, त्यामुळे पाणी दूषित होऊन साथी परत परत येत राहिल्या. राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट सतराव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला, बांधकामंही सुरू झाली, पण बेत तडीस गेला नाही. व्हाइसरॉय आधी शहराबाहेर राहायला गेले, मग १७५९ मध्ये पणजीला, आणि राजधानी म्हणून पणजीवर शिक्कामोर्तब व्हायला १८४३ उजाडलं. मधली चौऱ्याऐंशी वर्षं कागदोपत्री राजधानी एकीकडे आणि राज्यकर्ता दुसरीकडे. पणजीच्या इमारतींना दगड जुन्या शहरातून गेला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा जुवे बेटापर्यंत आल्या तेव्हा व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनी आपला अधिकारदंड बॉम जेझुस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत ठेवला आणि शहर संताच्या हवाली केलं. काही दिवसांत मुघलांची फौज जवळ आल्याने मराठे मागे फिरले. ज्यांनी हे पाहिलं त्यांना संताने शहर राखलं असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. जुनी रीत एकदा वेळेवर उपयोगी पडली की पुढच्या शंभर वर्षांना पुरते. तुमच्या शहरालाही असा एक प्रसंग द्या, जिथे जुन्या विधीनंतर शहर खरंच वाचलं होतं.

सुधारक

बहुतेक कथांत तरुण, हुशार, एकाकी सुधारक येतो आणि सगळे त्याला विरोध करतात. फार सपाट. सुधारकाला थोडं यश द्या आणि अपयश अनपेक्षित दिशेने आणा. वर ज्याच्या मुकुटात काच होती त्याच सहाव्या जॉनने एक नेमकं काम केलं. त्या वेळी खाडीपलीकडच्या गलाटा या जिनोवावाल्यांच्या (इटलीतल्या जिनोवा शहराच्या व्यापाऱ्यांच्या) वस्तीत जकातीचं उत्पन्न वर्षाला २,००,००० नाणी होतं आणि खुद्द कॉन्स्टँटिनोपलमध्ये ३०,००० सुद्धा नाही. त्याने आपल्या बंदराची जकात उतरवली आणि आरमार बांधायला घेतलं. जहाजं इकडे वळू लागताच जिनोवावाल्यांनी हल्ला करून आरमाराचा धुव्वा उडवला. सुधारणा बरोबर होती म्हणूनच मोडली गेली, कारण शहराच्या उतरणीवर कुणीतरी बाहेरचं पोसलेलं होतं.

दीपपाटणमध्ये ती जागा नदीपलीकडच्या पेठेची. पेठेच्या सावकारांनी मापाऱ्यांना आणि दिव्याच्या घराण्यांना कर्ज दिलेलं आहे. शहर सुधारलं तर पेठ बुडेल. म्हणून दिव्याच्या वादात दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी पेठेतूनच जाते.

गुंतागुंतीच्या नेमणुकांबद्दल एक इशारा. व्हेनिसचा डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, निवडायची पद्धत अशी होती: चिठ्ठ्या टाकून ३० जण, त्यातून चिठ्ठीने ९, त्या नऊंनी निवडलेले ४०, त्यातून चिठ्ठीने १२, त्यांनी निवडलेले २५, त्यातून ९, त्यांनी ४५, त्यातून ११, त्यांनी ४१, आणि या एकेचाळिसांनी डोज. १२६८ पासून शेवटचा डोज लुदोव्हिको मानिन १७८९ मध्ये निवडला जाईपर्यंत हीच रीत. हे पाहून हसू येणं सोपं आहे, पण तिने पाच शतकं घराणेशाही आणि लाचखोरी यांना अटकाव केला. तुमच्या शहराची विक्षिप्त पद्धतही मुळात कशावर तरी चांगला उपाय असायला हवी. तो रोग आता राहिलेला नाही, उपाय राहिलाय.

शेवट आधी ठरवा

शहर कसं संपणार हे पहिलं प्रकरण लिहायच्या आधी पक्कं करा, कारण त्यावरून शहरात काय रंगवायचं ते ठरतं. गोव्यासारखं हलणार असेल तर दगड वाहून नेणाऱ्या होड्या आणि दोन ठिकाणी चालणाऱ्या कचेऱ्या दाखवा. ब्रुजसारखं गरिबीत तगून राहणार असेल तर बायका लेस विणताना दाखवा आणि पुन्हा बंदर मिळायला शतकं लागतील हे ध्यानात ठेवा, ब्रुजला समुद्राशी जोडणारा झेब्रुगेचा नवा कालवा १९०७ मध्ये उघडला. व्हेनिससारखं कायदेशीरपणे मिटणार असेल तर १२ मे १७९७ ची सभा पाहा: प्रजासत्ताक विसर्जित करण्याच्या ठरावाला ६०० ची गणसंख्या लागत होती आणि हजर होते ५३७. ठराव तरीही झाला.

दीपपाटणची कथा मी दोन अंधाऱ्या रात्रींपैकी एका रात्री सुरू करेन. वादळामुळे खोल पाण्याचा मार्ग बंद झाला आहे आणि धान्याची पाच गलबतं धुक्याच्या तोंडाशी उभी आहेत. मनोऱ्याच्या पायथ्याशी पाचही घराण्यांचे मंत्र जाणणारे आलेत. प्रत्येकाच्या हातात तेलाचा बुधला आहे, दोघांजवळ दरबाराचा मनाई हुकूम आहे, आणि मापाऱ्यांचा म्होरक्या विचारतोय की हे धान्य वेशीतून न येता बंदरातून आलं तर ते मापायचा हक्क कुणाचा.